तबेल्यातला वकील

जॉन स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) या छोट्या कादंबरीतल्या एका पात्राला जेमतेम अर्धी ओळ मिळाली आहे, संवाद तर एकही नाही. हे पात्र म्हणजे कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेची १९०५ सालची प्रत. मुक्काम सोलेदादजवळच्या एका रँचवर, तबेल्याच्या भिंतीला टेकून काढलेल्या खोपटात. मालक क्रुक्स. घोड्यांची निगा राखणारा, घोड्याच्याच लाथेनं पाठ वाकडी झालेला, रँचवरचा एकुलता एक काळा माणूस.

संहिताबाईंची प्रकृती तोळामासा. पानं हाताळून हाताळून खिळखिळी झालेली. म्हणजे शोभेला ठेवलेल्या नाहीत. शेजारी एक शब्दकोश, तोही फाटका. खुंट्यांवर दुरुस्तीला आलेला घोड्यांचा साज, खिडकीशी चामडं शिवायच्या सुया, एक डांबराचा डबा. सफरचंदाच्या खोक्यात औषधाच्या बाटल्या, घोड्यांच्या आणि क्रुक्सच्या एकत्रच. खिडकीखाली शेणाचा ढीग. एवढ्या गोतावळ्यात ही संहिताच काय ती क्रुक्सला ‘नागरिक’ म्हणून ओळखते. बाकी रँच त्याला ओळखते ती पाठीवरून आणि रंगावरून.

स्वभाव मात्र दुटप्पी. १९०५ सालीच तिच्यात कलम ५१ आलं: खाणावळी, हॉटेलं, न्हाव्याची दुकानं, नाटकगृहं सर्व नागरिकांना सारखीच खुली. आणि नऊ कलमं पुढं गेलं की कलम ६०: गोऱ्यांनी काळ्यांशी केलेला विवाह बेकायदा. त्यात ‘मंगोल वंशीयां’ची भर त्याच १९०५ सालची. एका हातानं ती दार उघडते, दुसऱ्या हातानं उंबरा आखते.

शिवाय कामगारांच्या झोपायच्या जागेतला पत्त्यांचा डाव कुठल्याच कलमात बसत नाही. तिथं क्रुक्सला मज्जाव. मग त्यानं आपल्या परीनं निवाडा करून टाकला: तुमच्यात मला हक्क नाही, तर माझ्या खोलीत तुम्हाला नाही. शनिवारी रात्री रँचवरचा भाबडा मजूर लेनी दारात येतो, तेव्हा क्रुक्स आधी हेच ऐकवतो. पण तो फार वेळ ताणत नाही. पुस्तकं वाचून माणसाची भूक भागत नाही, कुणीतरी सोबत लागतं, हे तोच मग लेनीला सांगतो. संहितेच्या तोंडावर!

मागोमाग हात तुटलेला म्हातारा कँडी येतो. इतकी वर्षं एकाच रँचवर काढून या खोलीत त्याचं हे पहिलंच पाऊल. तिघं मिळून स्वतःच्या जमिनीची गोष्ट बोलू लागतात, आणि क्रुक्ससुद्धा तिथं फुकट राबायला तयार होतो.

तेवढ्यात येते कर्लीची बायको. रँचमालकाची सून, तरी लेखकानं तिला नावही दिलेलं नाही. रँचवर तिच्याशी बोलायला कुणी धजत नाही. ती त्यांना हिणवू लागते. क्रुक्स उठून उभा राहतो आणि बजावतो की इथं यायचा तुम्हाला हक्क नाही, मी मालकांना सांगेन. पुस्तकानं शिकवलेलं सगळं त्या क्षणी त्याच्या तोंडी आलेलं असतं. ती एवढंच सुनावते की मनात आणलं तर तुला झाडाला लटकवणं मला सोपं आहे. साक्षीदार हजर आहे: आम्ही खरं ते सांगू, असं कँडी म्हणतो. तुमचं ऐकणार कोण, असं ती विचारते. आणि कँडीला ते पटतं. हक्क आहे, फिर्यादी आहे, साक्षीदार आहे, संहिता फळीवर आहे, आणि खटला उभा राहण्याआधीच निकाल लागलेला आहे. क्रुक्स मान खाली घालतो. थोड्या वेळानं कँडीला सांगतो की माझं ते जमिनीचं बोलणं विसरून जा.

कादंबरी आली तेव्हा कलम ६० लागूच होतं. ‘पेरेझ विरुद्ध शार्प’ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते १९४८ साली रद्द केलं. कलम ५१ पुढं १९५९ च्या अनरू कायद्यानं आणखी रुंदावलं. संहिता सुधारली, हे मान्य करायलाच हवं. पण त्या शनिवारी तिच्यात कलमं कमी पडली नव्हती. कमी पडली ती कँडीचा शब्द खरा मानणारी माणसं. आणि ती पुरवण्याचं कलम कुठल्याही संहितेत नसतं.