ऊब कुणाच्या खात्यावर?

ऑस्लो, शनिवार रात्र

प्रिय दादा,

पोचल्याचा फोन केला तेव्हा तू जेवणखाण विचारलं नाहीस, बर्फ विचारला नाहीस. "वन्संची गाडी कोणती?" एवढंच. ते फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम गाळते, नाहीतर तू तिचे पार्ट कोल्हापुरात मिळतात का ते शोधत बसशील.

गाडी प्लग-इन हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिन आहे, विजेची मोटार आहे आणि घरच्या सॉकेटवर चार्ज होणारी १८ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. कागदावर ती नुसत्या विजेवर ७५ किलोमीटर जाते. वन्संचं ऑफिस त्या मानाने जवळ, त्यामुळे उन्हाळाभर त्या पेट्रोल पंपाकडे फिरकत नाहीत. "आणि हिवाळ्यात?" असं मी विचारलं, तर नुसत्या हसल्या.

आज सकाळी त्या हसण्याचा अर्थ कळला. बाहेर उणे चौदा. बॅटरी काठोकाठ भरलेली. आम्ही निघालो तेव्हा गाडी विजेवर, अगदी मुकाट. मला हुडहुडी भरलेली पाहून वन्संनी हीटर लावला, आणि पुढच्या वळणाच्या आत इंजिन घुरघुरायला लागलं. शंभर टक्के चार्ज असताना! मी म्हटलं बिघाड झाला. वन्सं म्हणाल्या, "बिघाड नाही गं, ती अशीच आहे. उणे दहाच्या खाली तिला शेकोटी लागते."

आता तुझ्या भाषेत सांगते. पेट्रोल इंजिन म्हणजे मुळात चालता बंब. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा निम्म्याहून बराच जास्त भाग उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून जातो, आणि हीटर त्यातलंच थोडं गरम पाणी आत फिरवतो. म्हणून आपल्याकडे हीटरचा खर्च कुणी मोजलेला नाही. तो फुकटच होता. विजेच्या मोटारीला वाया घालवायची सवय नाही. दिलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास ती चाकाला देते. मग आतल्या माणसांना ऊब द्यायची कुणी? ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते.

विकत घ्यायच्या दोन तऱ्हा. एक पीटीसी हीटर. त्यात सिरॅमिकच्या चकत्या असतात. तापल्या की त्यांचा रोध आपोआप वाढतो, म्हणून त्या स्वतःच आवरतात, जळत नाहीत. साधा आणि भरवशाचा, पण एक युनिट वीज खाऊन एक युनिटच उष्णता देतो. दुसरा हीट पंप, म्हणजे उलटा फिरवलेला एसी. बाहेरच्या गार हवेतूनही तो उष्णता उपसतो आणि बऱ्या हवामानात एका युनिटला दोन-तीन युनिटांची ऊब देतो. पण थंडी वाढली की बाहेर उपसण्यासारखं कमी उरतं, बाहेरच्या कॉइलवर हिमाचा थर चढतो, आणि पंपाचा दम निघतो. २०१२च्या सुमाराला आलेल्या पहिल्या प्लग-इन प्रियसमध्ये केबिन तापवायची म्हणजे इंजिन सुरू करायचं, दुसरा मार्गच नव्हता. तिच्या पुढच्या अवतारात टोयोटाने हीट पंप दिला, तोही उणे दहापर्यंतच्या बोलीवर. शेव्हरोले व्होल्ट ठरावीक थंडीखाली भरलेली बॅटरी बाजूला ठेवून इंजिन लावायची. म्हणजे वन्संची गाडी काही जगावेगळी नाही.

सोमवारी आम्ही दोघी उत्तरेला रोरोसच्या जत्रेला निघतोय. तुझे भावोजी ऑफिसच्या कामात, ते येणार नाहीत. बरंच आहे. ते असले की मला गाडीतलं काही विचारू देत नाहीत.

— तुझी धाकटी


टिन्सेट, सोमवार रात्र

दादा,

रोरोसमध्ये जत्रेच्या आठवड्यात खोली मिळत नाही, म्हणून पन्नासेक किलोमीटर अलीकडे एका लाकडी घरात उतरलोय. बाहेर उणे सव्वीस. नाकातले केस गोठतात, ही अतिशयोक्ती नाही.

रस्ता सांगते. ऑस्लोहून म्योसा तलावाच्या कडेने वर, मग एल्वेरुमहून ओस्टरदालेन नावाच्या खोऱ्यात. दोन्ही बाजूंना पाइनचं जंगल, मधून ग्लोमा नदी गोठलेली, आणि दर थोड्या अंतरावर मूस हरणाची पाटी. वाटेत त्याच प्राण्याचा एक चकचकीत पोलादी पुतळा आहे, दहा मीटरांहून उंच. फोटो काढायला उतरले आणि मिनिटाभरात परत आत आले.

वन्संची गाडी चालवायची रीत मला फार आवडली. मोठ्या रस्त्यावर त्या विजेचा हट्ट धरत नाहीत. इंजिन चालू देतात, बॅटरी राखायचं बटण दाबून ठेवतात आणि इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर आम्ही दोघी कोट काढून बसतो. गाव आलं की विजेवर टाकतात. इंजिनातलं पाणी तोवर कढत झालेलं असतं, त्यामुळे इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटं हीटर त्याच ऊबेवर चालतो. लोकांच्या दारात ना आवाज, ना धूर. मी म्हटलं, ही तर चतुराई झाली. त्या म्हणाल्या, "चतुराई कसली, काटकसर."

बॅटरीचं गणित वाटेत मांडून पाहिलं. गाडी चालवायला साधारण शंभर किलोमीटरला वीसेक युनिट धर. विजेवरच केबिन तापवायची झाली तर अशा थंडीत हीटर सुरुवातीला चार-पाच किलोवॅट ओढतो आणि मग दोन-तीनवर स्थिरावतो. आता गंमत बघ. मोटार किलोमीटर मोजते, हीटर तास मोजतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ऐंशीने गेलास तर तासाला सोळा युनिट चाकांना आणि तीनच हीटरला. पण ऑस्लोच्या गर्दीत ताशी वीसने रेंगाळलास तर चाकांना चार आणि हीटरला तीन. जवळजवळ बरोबरी! म्हणजे जिथे वीज सर्वांत शोभते, त्या शहरातल्या हळू, छोट्या फेऱ्यांतच ऊब तिचा सर्वांत मोठा वाटा खाते. त्यात गार बॅटरीतून नेहमीइतकी वीज निघत नाही, घट्ट झालेली हवा कापायला जास्त जोर लागतो आणि बर्फातले टायर घासतात ते वेगळंच. कागदावरचे ७५ किलोमीटर मोजतात ती प्रयोगशाळा २३ अंशांवर असते. २३ अंश म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली प्रसन्न सकाळ. नॉर्वेतल्या फेब्रुवारीला तो आकडा ओळखसुद्धा देत नाही.

युरोपियन कमिशनने २०२४मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांतून थेट आलेले आकडे जाहीर केले. त्यांत प्लग-इन हायब्रिडचा कार्बन डायऑक्साइड कागदावरच्या साडेतीन पट निघाला. हिवाळा हे त्यातलं लहान कारण. मोठं कारण असं की या गाड्या गृहीत धरल्या तेवढ्या चार्जच होत नाहीत. कंपनीकडून मिळालेली गाडी, पेट्रोलचं कार्डही कंपनीचंच, मग थंडीत केबल हाताळायची कुणी? माझ्या मते फसवणूक गाडीत नाही, त्या २३ अंशांच्या खोलीत बसून केलेल्या सरासरीत आहे.

एक तुझ्या खास आवडीची गोष्ट. काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबलं की काही गाड्यांत इंजिन हमखास सुरू होतं, बाहेर थंडी किती हे न पाहता. नवशिके हीटर जपून वापरतात, सीट तापवतात, हातमोजे घालतात आणि शेवटी काच पुसायला ते एक बटण दाबतात. इंजिन दोन मिनिटं पळतं आणि बंद पडतं. तू नेहमी म्हणतोस तेच, गार इंजिन थोडंसं चालवून बंद करणं सगळ्यांत वाईट. पेट्रोल तेलात उतरतं, आत पाणी सुटतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तीनेकशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. त्या दोन मिनिटांचा धूर पुढच्या वीस मिनिटांपेक्षा घाण असू शकतो. ऊब हवी म्हणून इंजिन लावायचं तर ते नीट तापेपर्यंत चालू दे, नाहीतर लावूच नको. वन्संचा नियम हाच.

झोपायच्या आधी त्यांनी बंपरमधल्या एका छोट्या सॉकेटला वायर जोडली. ते काय, ते उद्या लिहिते.


रोरोस, बुधवार

दादा,

ती वायर म्हणजे सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे, असं मला आता वाटायला लागलंय.

इथे इंजिनाला वीज लावून तापवणं हायब्रिडच्या कितीतरी आधीपासून आहे. ब्लॉकजवळ काहीशे वॅटचा हीटर आणि केबिनमध्ये पायाशी एक छोटा पंखेवाला हीटर. दोन्ही भिंतीच्या विजेवर, टायमर लावून. नॉर्वेतली डेफा नावाची कंपनी पिढ्यानपिढ्या हेच विकत आली आहे आणि आता विजेच्या गाड्यांचे चार्जरही विकते. फिनलंडमध्ये इमारतींच्या आवारात प्रत्येक गाडीपुढे यासाठी खांब असतात. थोडक्यात, गाडीला रात्री वायर लावायची सवय लोकांना होतीच, फक्त ती वायर बॅटरीकडे जात नव्हती.

मंगळवारी सकाळी उणे चोवीसला आम्ही दार उघडलं तर आत घरासारखी ऊब, काच कोरडी, इंजिन कोमट. ती सगळी ऊब भिंतीच्या मीटरवर गेली होती, बॅटरीतून कणभर नाही. गाडी तापवायला सर्वांत जास्त वीज लागते ती पहिल्या काही मिनिटांत, गारठलेली सीट, काच, प्लास्टिक सगळंच तापवायचं असतं तेव्हा. तो खर्च निघण्याआधी परस्पर भागला की पुढे बॅटरीकडे फक्त राखण्याचं काम उरतं. इंजिन तरीही लागलं, उणे चोवीसला ते लागणारच, पण रडतकुढत नाही. आणि इथली वीज बहुतेक सगळी धरणांची. शिवाय उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवणं इथे नियमाविरुद्ध आहे, त्यामुळे आपल्यासारखं दहा मिनिटं इंजिन लावून चहा प्यायला जाता येत नाही.

उताराला ब्रेक लावला तर गाडी वीज परत घेईना, हेही दिसलं. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करायला गेलं तर लिथियम आत मुरायच्या ऐवजी धातू होऊन पृष्ठभागावर बसतं आणि सेल कायमची बिघडते. म्हणून गाडीचा मेंदू नको म्हणतो. गाडी तासभर पळून बॅटरी थोडी कोमट झाली की मग घेते.

आता रोरोस. तांब्याच्या खाणीवर वसलेलं गाव. खाण १६४४मध्ये सुरू झाली, १९७७मध्ये कंपनी बुडाली आणि १९८०मध्ये गाव युनेस्कोच्या यादीत गेलं. लाकडी घरं, धातूच्या मळीचे काळे ढिगारे आणि वर पांढरं चर्च. १९१४च्या जानेवारीत इथे उणे ५०.४ नोंदलं गेलंय. जत्रा १८५४पासून, फेब्रुवारीतल्या शेवटून दुसऱ्या मंगळवारी सुरू होणारी. नॉर्वे आणि स्वीडनमधून घोड्यांच्या घसरगाड्या जुन्या वाटांनी येतात. त्या रांगेने गावात शिरल्या तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते. गाडीवान केसाळ कातड्यांच्या कोटात असे बुडालेले की नाकाच्या शेंड्याशिवाय माणूस दिसत नव्हता. थांबल्याबरोबर प्रत्येकाने आधी घोड्यावर घोंगडं टाकलं, मग स्वतःच्या कॉफीकडे वळला.

त्यांच्या गाडीला छत नाही, तापवायला हवाच नाही, म्हणून ते माणूस गुंडाळतात. आमच्या गाडीतही तीच सोय आहे आणि फार लोक तिला दुय्यम समजतात. सीटमधला हीटर साठ-सत्तर वॅटचा, स्टीअरिंगमधला असाच काहीसा. केबिनची हवा तापवायला हजारो वॅट. आम्ही परत टिन्सेटला जाताना हवेचा हीटर अठरावर आणि सीट पूर्ण, असं करून पाहिलं. वन्संना चाललं. मला पायाला गार लागलं. ज्याचं त्याचं रक्त.


ऑस्लो, रविवार

दादा,

तुझा मेसेज वाचला. असली गाडी घ्यायला निघालेल्या तुझ्या त्या बागायतदार गिऱ्हाइकाला सांग की नॉर्वेतलं माझं पुराण त्याला लागू नाही. असल्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्याला इंजिनाचा पट्टा नाही. मे महिन्यात सांगलीत सिग्नलला उभा राहिला तर इंजिन बंद ठेवूनही आत गार राहील. ४० अंशांतून २५ वर यायचं म्हणजे पंधराचा फरक, उणे वीसहून अधिक वीसवर जायचं म्हणजे चाळीसचा. एसीचा खर्च हीटरच्या मानाने कमीच. बॅटरीला उन्हाचा त्रास होतो, पण त्याची तऱ्हा वेगळी. उन्हात उभ्या गाडीच्या बॅटरीचं आयुष्य कमी होतं, त्या दिवसाची फेरी नाही.

लेहला घेऊन जायचं म्हणत असेल तर मात्र त्याला विचार, रात्री मुक्कामाला सॉकेट कुठे आहे. त्याला ते सांगता आलं नाही तर साधी पेट्रोल गाडी घे म्हणावं, हीटर फुकट मिळेल. इथे मात्र लोक आता दोन्ही सोडून थेट विजेच्या गाड्यांकडे गेलेत, २०२४मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांत सुमारे ८९ टक्के त्याच होत्या. वन्संही म्हणतायत, पुढची गाडी घेताना इंजिनाचा नाद सोडायचा. मी विचारलं, मग उणे चोवीसला रोरोसला जायचं कसं? त्या म्हणाल्या, "चार्जिंगला थांबायचं, कॉफी प्यायची. घोडेवाले थांबतात तसं." तुझे भावोजी मात्र अजून इंजिनाच्याच बाजूने आहेत. रात्री जेवताना दोघं बहीणभाऊ त्यावर भांडत होते, मी वरण वाढत होते.

तुला डेफाच्या इंजिन हीटरचं माहितीपत्रक हवं होतं ते घेतलंय. नॉर्वेजियनमध्ये आहे, पण आकृत्या तुला कळतील.

— धाकटी