पहिल्याच मिनिटात सांगून टाका

शॉर्टफिल्म करणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं एकच सांगत आलो: सुरुवातीला काही कळू देऊ नका, प्रेक्षकाला कोड्यात टाका. त्यामुळे आमच्याकडच्या पुष्कळ फिल्म्स सारख्याच सुरू व्हायच्या. अंधार, धापा टाकत पळणारे पाय, रक्ताळलेला हात आणि मग काळ्या पडद्यावर 'सहा महिन्यांपूर्वी'. मला हे मनापासून पटायचं. आता पटत नाही.

मत बदललं ते एका विद्यार्थिनीच्या स्क्रिप्टमुळे. एसटी स्टँडवर एक मुलगा मांडीवर बॅग घेऊन बसलाय. बॅगेत आईच्या पाटल्या आहेत, त्या विकून तो शहरात पळणार आहे. फिल्म दहा मिनिटांची आणि पाटल्या दिसणार नवव्या मिनिटाला. मला ही रचना पसंत होती, तिला नव्हती. "सर, तोवर लोक त्याच्याकडे बघतील कशाला?" म्हणाली, आणि तिनं तो शॉट उचलून अगदी पुढे आणला. कपाटात साड्यांच्या घड्यांखाली चाचपडणारा हात, रुमालात बांधलेल्या पाटल्या, तो रुमाल शाळेच्या बॅगेत. आवाज फक्त स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीचा.

पुढचं काहीच बदललं नव्हतं. शेजारी एक आजी येतात, "कुठं निघालास रे बाळा?" विचारतात आणि बसायला जागा करायची म्हणून बॅग उचलून बाजूला ठेवतात. आधीच्या मसुद्यात हा नुसता भरीचा प्रसंग होता. आता फिल्म बघताना वर्गातल्या सगळ्यांच्या नजरा आजींच्या हातावर खिळल्या. कंडक्टर बॅग वर ठेवायला सांगतो, तिथं तर एकजण पुटपुटला, "देऊ नकोस."

त्यानंतर जुनी उदाहरणं मला वेगळी दिसू लागली. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'चा (1958) पहिला शॉट मी कॅमेऱ्याच्या करामतीसाठी दाखवायचो: तीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट नाही. पण त्या शॉटची सगळी ताकद पहिल्या काही सेकंदांत आहे. बाँबची वेळ लावून तो गाडीच्या डिकीत ठेवलेला आपण बघतो. ते बघितलं नसतं, तर उरली असती सरहद्दीवरच्या गावातली रहदारी.

व्हॉइसओव्हर म्हणजे आळस, असंही मी म्हणायचो. कुरोसावाचा 'इकिरू' (1952) सुरू होतो एका एक्स-रेनं आणि निवेदक सरळ सांगतो, या माणसाला पोटाचा कॅन्सर आहे, त्याला अजून ठाऊक नाही. मग कागदांवर शिक्के मारत बसलेला तो सरकारी अधिकारी दिसतो आणि त्याचा एकेक शिक्का आपल्याला सहन होईनासा होतो.

सगळंच सांगावं असं नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (2013) गलोल घेतलेला जब्या सुरुवातीलाच काळ्या चिमणीच्या मागावर असतो. ती चिमणी त्याला कशासाठी हवी, हे पुढे कळतं. ती हवी आहे, हे मात्र लगेच कळतं. कारण मागे ठेवता येतं, ओढ मागे ठेवता येत नाही. खुनाच्या रहस्यकथेत खुनी लपवावाच लागतो, तो त्या प्रकाराचा धर्म आहे. पण विद्यार्थ्यांच्या बहुतेक कथा घरच्या, शाळेच्या, गावच्या असतात. त्यांत कोडं वरून चिकटवलेलं असतं आणि दहा मिनिटांतली पाच तेच खाऊन टाकतं.

म्हणून हल्ली शॉट डिव्हिजनला बसण्याआधी मी मुलांना दोनच गोष्टी विचारतो: याला काय हवंय आणि याचं काय जाऊ शकतं? तुम्हीही यंदा फिल्म करणार असाल, तर नवव्या मिनिटासाठी राखून ठेवलेला तो शॉट एकदा पहिल्या मिनिटात लावून बघा. एडिटवर अर्ध्या तासाचं काम आहे. नाही जमलं, तर परत मागे नेता येतो.