शून्य रुपयांचे तिकीट

माझ्या प्रार्थनापुस्तकात गेले अनेक महिने एस.टी.चे एक तिकीट आहे. वाहकाच्या यंत्रातून निघते तसे, पातळ कागदाचे. त्यावरची अक्षरे आता उडू लागली आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि फर्दापूर ही दोन नावे अजून कशीबशी वाचता येतात आणि रकमेच्या जागी एक शून्य दिसते. या शून्यापाशी पोहोचायला मला दोन वर्षे लागली. ती का लागली, आणि पोहोचल्यावर काय गवसले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्र शासनाने २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला. ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’ असे तिचे नाव. पासष्ट ते पंचाहत्तर या वयात तिकीट अर्धे. पंचाहत्तरीनंतर काहीच नाही. वाहकाला वयाचा पुरावा दाखवायचा, त्याने शून्य रुपयांचे तिकीट द्यायचे आणि त्या प्रवासाची भरपाई शासनाने महामंडळाला करायची, अशी ही व्यवस्था. ही सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच चालते. पुढे १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांनाही अर्ध्या तिकिटात प्रवास करता येऊ लागला. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली होती. त्यामुळे आमच्या वयाच्या मंडळींना ‘लाल परी’चा हा आधार अधिकच मोठा वाटला.

मी २०२२ च्या डिसेंबरात पंचाहत्तर पूर्ण केली. पण सवलत घेतली नाही. माझे वडील मिशनच्या आवारात सुतारकाम करीत. कष्टाशिवाय मिळालेला घास घशाखाली उतरू देऊ नये, ही त्यांची शिकवण. सारा जन्म शिक्षकी केली ती याच बाण्याने. तेव्हा बसमध्ये वाहकाने “आजोबा, आधार कार्ड आहे का?” असे विचारले की मी पैसे पुढे करून म्हणे, “पूर्ण तिकीट द्या.” तो चकित होई आणि मला त्याच्या चकित होण्याचे समाधान वाटे. हे समाधान म्हणजे अहंकाराचेच दुसरे नाव आहे, हे तेव्हा उमगले नाही. माझ्या पत्नीला मात्र ते केव्हाच उमगले होते. एकदा सायंकाळची जपमाळ आटोपल्यावर ती सहज म्हणाली, “अहो, देवाच्या दारातही तुम्ही पूर्ण तिकीट काढूनच जाणार का?”

मी हसण्यावारी नेले. पण वाक्य मनात रुतून बसले.

फर्दापूरची गोष्ट त्याहून जुनी आहे. फर्दापूर हे अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याचे गाव. आमच्या शाळेची सहल जवळजवळ दरवर्षी तिकडे जाई आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून तिची जबाबदारी माझ्याकडे असे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने लेणी दिसली. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे राबून चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ च्या आगीत लंडनमध्ये जळून गेल्या. १९८३ मध्ये लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ही सारी सनावळी मी मुलांना पाठ करून सांगे. आणि ज्या दशम्या व बटाट्याची भाजी खात मुले ती ऐकत, त्यांतील निम्मा शिधा माझ्या पत्नीने पहाटे तीनला उठून केलेला असे.

ती स्वतः मात्र एकदाही आली नाही. आधी मुले लहान होती, मग सासूबाईंचे आजारपण आले, नंतर मुलांच्या शिक्षणाचा खर्च. “लेणी कोठे पळून जात नाहीत,” असे मी म्हणे. लेणी पळून गेली नाहीत, हे खरे. पळून जाऊ लागली ती तिची दृष्टी.

तिला काचबिंदू झाला. या रोगात गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब घालून उरलेली जपायची, एवढेच हाती असते. बहुधा नजर कडेकडून मिटत येते. समोरचे दिसते, पण बाजूचे नाहीसे होत जाते. जणू कोणी खिडकीची दारे दोन्हीकडून हळूहळू ओढून घेत आहे. डॉक्टरांनी हे समजावून सांगितल्यावर घरी परतताना ती फक्त एवढेच म्हणाली, “तुमची ती पद्मपाणीची मूर्ती की चित्र, काय ते, एकदा पाहायला हवे होते.” हवे होते! त्या भूतकाळाने माझी झोप उडवली.

त्याच सुमारास, २०२४ च्या नाताळात, माझे मेहुणे इंग्लंडहून आले. चाळीस वर्षे ते तेथे आहेत. निवृत्त झाल्यावर पतिपत्नींनी एक जुने ‘मोटारहोम’ घेतले. मोटारहोम म्हणजे मोटारीतच मांडलेले बिऱ्हाड: झोपायला बिछाने, छोटी चूल, पाण्याची टाकी, सारे चाकांवर. आपल्याकडेही शासनाने २०२१ मध्ये अशा ‘कॅरॅव्हॅन’ पर्यटनाचे धोरण आणले. पण सामान्य माणसाच्या ऐपतीत ते अजून आलेले नाही. मेहुणे सांगत होते, “दाजी, गाडी असते मोठी. जुन्या गावांच्या बोळांत शिरत नाही, उभी करायला जागा मिळत नाही. म्हणून आम्ही ती गावाबाहेरच्या तळावर ठेवतो आणि बसचा पास घेऊन निघतो.”

तेथे निवृत्तिवेतनाचे वय झाले की बसचा विनामूल्य पास मिळतो. एप्रिल २००८ पासून तो साऱ्या इंग्लंडभर चालतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर, म्हणजे कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर. वेल्स आणि स्कॉटलंड यांच्या योजना निराळ्या. हद्द ओलांडली की इंग्लंडचा पास निरुपयोगी. आपल्या एस.टी.सारखेच की, असे मनाशी म्हणालो. मग न राहवून विचारले, “स्वतःचे चाकांवरचे घर बाळगणाऱ्याने फुकट बसायचे, याची लाज नाही वाटत?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सुरुवातीला मी म्हणे, आयुष्यभर कर भरला आहे, हा माझा हक्क आहे. आता तसे म्हणत नाही. कर भरला नसता तरी म्हातारा झालोच असतो. समाजाने म्हाताऱ्यांना घराबाहेर पडा असे म्हणावे, यात मला माया दिसते. मायेला नको कशाला म्हणायचे?”

त्या रात्री मी ठरवले. मेहुणे परत गेल्यावर, जानेवारीतल्या एका मंगळवारी (सोमवारी लेणी बंद असतात) आम्ही दोघे मध्यवर्ती बसस्थानकावर जळगावच्या बसमध्ये चढलो. वाहकाने विचारण्याआधीच मी आधार कार्ड काढले. हात किंचित थरथरला, हे कबूल करतो. पत्नीचे अर्धे तिकीट, माझे शून्य. मागच्या बाकावरून कोणी तरी पुटपुटले, “फुकट्यांनीच गाडी भरली.” ज्या शब्दाला मी दोन वर्षे भ्यालो तोच कानांवर आला. आणि नवल असे की, काही झाले नाही. बस सुरू झाली.

फुलंब्रीला एक वृद्ध शेतकरी चढले आणि माझ्या शेजारी बसले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीत शेंगा. त्यांचेही तिकीट शून्याचेच. सिल्लोडला लेकीकडे निघाले होते. मी मास्तर आहे हे कळल्यावर त्यांनी मन मोकळे केले. “मास्तर, आधी लेकीला भेटायचं म्हंजी पोरापुढं हात पसरावा लागायचा. पोरगं काय वाईट नाय. पर त्याचीच वढाताण. वर्स वर्स भेट होईना. आता मनात आलं की निघतो. लेक म्हनती, आबा, तुमी आता पावन्यावानी नाय, माहेरावानी येता.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. दोन वर्षे मी वाहकापुढे मिरवलेला स्वाभिमान मला परवडत होता. म्हणून तर तो होता. या बाबांना त्या शून्याने त्यांचा स्वाभिमान परत दिला होता. दात्याचा हात दिसत नाही असे देणे, ज्यात घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, ते केवढे मोठे असते, हे मला त्या बाकावर समजले.

सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा गाव मागे टाकून बस घाट उतरली. फर्दापूरला मुघलकालीन सराई आहे. वाटसरूने यावे, रात्र काढावी, पहाटे पुढे जावे, यासाठी बांधलेली. प्रवाशाची सोय हे राज्यकर्त्याचे कर्तव्य मानले जाई, त्याची ही दगडी साक्ष. पत्नीला ती दाखवताना मनात आले: ही सराई, मेहुण्यांचे चाकांवरचे घर आणि माझ्या खिशातले तिकीट, ही तिन्ही एकाच गोष्टीची रूपे. माणूस वाटेवर आहे, त्याला आसरा हवा.

लेण्यांकडे जाणाऱ्या तिठ्यावर आणखी एक मौज आहे. लेण्यांना धुराचा उपद्रव होऊ नये म्हणून खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडेच थांबवतात. आलिशान मोटारीतून आलेला असो की खटाऱ्यातून, प्रत्येकाला आपले वाहन तेथे सोडून सर्वांबरोबर बसमध्ये बसावे लागते. मेहुणे त्यांचे मोटारहोम घेऊन आले असते, तरी ते तेथेच ठेवावे लागले असते. जे सुंदर आहे त्याच्यापाशी आपापले घर डोक्यावर घेऊन जाता येत नाही, हेच खरे.

पायऱ्यांपाशी डोलीवाले होते. पत्नी म्हणाली, “सावकाश चालू, पण चालू.” माझ्या दंडाला धरून, दर वळणावर थांबत, ती वर आली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पादत्राणे काढून शिरलो. मंद उजेड. मला भीती होती की तिला काहीच दिसणार नाही. गाभाऱ्याच्या डावीकडे मी तिला उभे केले, मान किंचित वर करायला सांगितली आणि गप्प राहिलो. सांगण्यासारखी सनावळी पुष्कळ होती. पण त्या दिवशी एकही सन ओठांवर आला नाही.

बराच वेळ ती पाहत होती. मग हळू आवाजात म्हणाली, “बाजूचे काही दिसत नाही हो मला. फक्त चेहरा दिसतो. तेवढा मात्र अगदी नीट दिसतो.” आणि थोड्या वेळाने, “किती दया आहे त्या खाली झुकलेल्या डोळ्यांत!”

मी इतक्या वेळा आलो होतो. मुकुट, हातातले नीलकमल, भोवतीच्या आकृती, सारे मुलांना दाखवले होते. चेहरा असा कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांविषयीच्या घोषणापत्रात, त्यांच्यात जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी ग्वाही दिली. ती मी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलीही होती. त्या अंधारात माझी पत्नी ती जगत होती.

परतीच्या बसमध्ये तिला झोप लागली. मला प्रभू येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला आठवत होता. दिवसभर उन्हात राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो, आणि राबलेले कुरकुर करतात. मी स्वतःला नेहमी सकाळपासून राबणाऱ्यांत धरीत आलो. कोणाला फुकट मिळाले की माझ्याही मनात कुरकुर उठे. त्या दिवशी ध्यानात आले की मीही शेवटच्या तासाचाच मजूर आहे. आईचे दूध, बाप्तिस्म्याचे पाणी, पहाटे तीनला उठणाऱ्या बायकोचे प्रेम, यांतील कशाचे तिकीट मी काढले होते? कृपा म्हणजे हीच की तिची किंमत देता येत नाही. नको म्हणणे मात्र आपल्या हाती असते, आणि मी ते फार वेळा म्हणालो होतो.

शासनाची योजना म्हणजे देवाची कृपा नव्हे, हे मी जाणतो. ती कोणाच्या तरी करातून चालते. म्हणून ती उधळू नये, आणि उभ्या असलेल्या गर्भवतीला आपली जागा द्यावी, हेही खरे. पण देणे घ्यायला शिकण्याची शाळा कोठेही भरू शकते. माझी भरली ती एस.टी.च्या बाकावर.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजीआजोबा व वृद्धजनांसाठी जागतिक दिन सुरू केला. जुलैमधील चौथ्या रविवारी तो पाळतात. आपल्या धर्मग्रामात त्या दिवशी वृद्धांना फुले देतात. यंदा माझी एक सूचना आहे. ज्यांना बसची पायरी एकट्याने चढवत नाही, कागदपत्र सापडत नाही, किंवा जे माझ्यासारखे अभिमानाने घरात बसले आहेत, अशा एखाद्या वृद्धाबरोबर तरुणांनी एक दिवस प्रवास करावा. त्यांची तिकिटे शून्याची असतील. सोबत मात्र आपल्याला द्यावी लागेल.

तिकिटावरची अक्षरे लवकरच पूर्ण पुसली जातील. पत्नीची नजरही थोडी थोडी मिटते आहे. परवा तिने विचारले, “पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाऊ या का?” मी म्हणालो, “जाऊ. आधार कार्ड माझ्या खिशातच आहे.”