संप तिकडे, सुट्टी इकडे

'संप' म्हटलं की मला फक्त एस.टी. आठवायची. 2021 च्या दिवाळीत गाड्या बंद होत्या आणि आम्हाला मामाच्या गावाला जाता आलं नाही, एवढंच काय ते माझं संपाचं ज्ञान! लेखकसुद्धा संप करतात हे कळलं 2023 मध्ये, बारावीत असताना. कारण 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पाचव्या सीझनचं शूटिंगच पुढे ढकललं गेलं.

हॉलिवूडच्या लेखकांचा संप 2 मे 2023 ला सुरू झाला. सुमारे साडेअकरा हजार लेखक! मुख्य मागण्या दोन : स्ट्रीमिंगवर मालिका कितीही चालली तरी आमच्या हातात चिल्लरच पडते, ती वाढवा, आणि ए.आय.कडून लिहून घेऊन आम्हाला घरी बसवू नका. 14 जुलैला नट-नट्याही उतरले. दोघांचा संप एकदम होण्याची वेळ 1960 नंतर प्रथमच आली. लेखकांचा संप 148 दिवस चालला, नटांचा 118.

मी वैतागून मामेभावाला फोन केला. दादा पुण्यात व्ही.एफ.एक्स.मध्ये. परदेशी सिनेमांचं रोटो करायचा, म्हणजे प्रत्येक फ्रेममधल्या माणसाची कड कोरून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं करायचं. सेकंदाला 24 फ्रेम्स! मी ऐटीत विचारलं, "काय रे दादा, तुमचा संप कधी मिटणार?"

तो म्हणाला, "अरे, संप त्यांचा आणि सुट्टी आमची. दोन महिने झाले, घरीच आहे."

तिकडे शूटिंग नाही, म्हणजे इकडे फ्रेम्स नाहीत. कॉन्ट्रॅक्ट संपलं ते पुन्हा झालंच नाही. मामीने कुणाला सांगितलंही नव्हतं. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

मग मी वाचत गेलो. लॉस एंजेलिसमध्ये सेटचे सुतार, मेकअपवाले, ड्रायव्हर, जेवण पुरवणारे, कपडे धुणारे... सगळे बसून. रात्रीच्या टॉक शोजच्या पाच होस्टनी तर आपापल्या स्टाफला पैसे देता यावेत म्हणून एकत्र पॉडकास्ट काढलं. संप करायचा की नाही, हे या सुतार-ड्रायव्हरांना कुणी विचारलं नव्हतं. मला लेखकांचा रागच आला. दादाला मात्र नाही. "त्यांनी भांडायचं नाही का? त्यांच्यामागे युनियन आहे, आमच्यामागे बाईकचे हप्ते. त्यात त्यांची काय चूक?"

27 सप्टेंबरला लेखकांचा संप मिटला. ए.आय. वापरण्याची सक्ती लेखकांवर करता येणार नाही, असं करारात लिहून मिळालं. दादाला पुढे काम मिळालं, पण कमी पैशात. आणि त्याला असं कुणी काहीच लिहून दिलेलं नाही.

मित्रांनो, 2025 च्या नोव्हेंबरात त्या पाचव्या सीझनचा पहिला भाग एकदाचा आला. हॉस्टेलवर आम्ही रात्र जागून पाहिला. आणि सकाळी लाल डोळ्यांनी लॅबला गेलो, मिनी प्रोजेक्ट दाखवायला. आमचा विषय आहे, व्हिडिओतल्या माणसाला ए.आय.ने बॅकग्राउंडपासून वेगळं करणं. म्हणजे दादाचंच काम! सर खूश आहेत, रिझल्टही छान येतोय. दादाने फोनवर विचारलं, "काय चाललंय कॉलेजात?" मी "सबमिशन्स" म्हणून विषय बदलला.

या सुट्टीत मात्र लॅपटॉप घेऊन मामाकडे जाणार आहे. तो काय म्हणेल ते म्हणेल. निदान त्याला हे माझ्या तोंडून कळू दे.