रिकाम्या कुंडीचा हिशेब
मे फ्लॉवरचा लालभडक चेंडू कोमेजला की आपलं लक्ष उडतं, आणि नेमकी तिथेच चूक होते. आफ्रिकेतून आलेला हा कंद फुलतो तो गेल्या वर्षीच्या पानांनी साठवलेल्या अन्नावर; म्हणून पावसाळाभर वाढणारी पानं हीच पुढच्या मे महिन्याची बेगमी. ती कापायची नाहीत. हिवाळ्यात ती आपसूक पिवळी पडतात, तेव्हा पाणी तोडावं. ‘मग कंद वाळेल ना?’ ही शंका रास्त, पण कंद साठवणीसाठीच घडलेला असतो. कोरड्या मातीत तो टणक राहतो, सततच्या ओलीत मात्र बोटाने दाबताच पिचकतो, कुबट वास मारतो. रिकामी कुंडी (बाल्कनीत जागेची टंचाई असतेच) सावलीत सरकवावी. उकरून पाहण्याची हौस तेवढी आवरावी. मुळं दुखावली तर फूल एखादं वर्ष रुसतं.