पंचशिऱ्याची नोंद

लोकसंस्कृतीच्या कोशासाठी नोंदींची यादी करायला बसलं की मोठे देव काही त्रास देत नाहीत. खंडोबा, म्हसोबा, वेताळ आपापल्या अक्षराखाली जाऊन बसतात. वाघोबाचंही तसंच. पालघरहून मनोरकडे निघालं की खिंडीत त्याचं देऊळ लागतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून त्याची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवलेली आहेत. एवढं हाताशी असलं की नोंद मंजूर करायला कुणाची हरकत नसते. माझी लेखणी अडली ती पंचशिऱ्यापाशी.

पंचशिऱ्या हा वारली आदिवासींचा लग्नातला देव. त्याला मुंडकं नाही. धडावर, जिथे मान संपते तिथून धान्याचे पाच कोंब वर आलेले असतात. कधी तो घोड्यावर असतो, कधी नुसता उभा. लग्नघरच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक काढतात, त्याच्या शेजारी लहानशा देवचौकात त्याची जागा. तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. बाकी त्याला ना शेंदराचा दगड, ना देऊळ, ना जत्रा.

बोईसरच्या पूर्वेला, नागझरीच्या बाजूच्या एका पाड्यावर मी तो काढताना पाहिला. नवरदेव तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा, घर नव्या बांधणीचं. कुडाची भिंत राहिली नव्हती, म्हणून सिमेंटच्या भिंतीवरच शेणमातीचा हात फिरवून वर गेरूचा चौकोन सारवून घेतलेला. वाटीत तांदळाचं पीठ कालवलेलं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेला कुंचला. दोन सवासिणी काढत होत्या आणि लग्न लावणारी म्हातारी धवलेरी बाजूला बसून गात होती. घोडा झाला, धडाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे राहिले. मग धाकटीने वर रेघा ओढल्या आणि हात मागे घेतला. धवलेरीने गाणं थांबवलं. "चार झाल्या," ती म्हणाली. धाकटीने बोटाने ओलं पीठ पुसलं, तिथे पुन्हा गेरू लावला, तो सुकेपर्यंत सगळे थांबले, आणि मग पाचही कोंब नव्याने काढले. मांडवात जेवणाची घाई होती. नवरदेवाला दुसऱ्या दिवशी पाळी होती. तरी त्या एका रेघेसाठी लग्न खोळंबलं आणि कुणी कुरकुरलं नाही.

यादीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की 'वारली चित्रकला' या नोंदीत याच्या दोन ओळी पुरेत. स्वतंत्र नोंदीला आधार लागतो, आणि छापील आधार मोजकेच. हा आग्रह मी हलका मानत नाही. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे केले, तर्कतीर्थांनी वाईला बसून विश्वकोश आकाराला आणला. त्या कष्टांचा वारसा सांगायचा तर ऐकीव गोष्ट शहानिशा न करता छापता येत नाही. एकाने लिहिलेलं आकर्षक पण कच्चं वाक्य दहा पुस्तकांत उतरतं आणि मग तेच दहा आधार म्हणून दाखवलं जातं, हे लोकदैवतांच्या बाबतीत फार होतं.

पण कागद नाही म्हणून देव लहान, हे मला पटत नाही. दगडाचा देव शंभर वर्षांनीही अभ्यासकाला सापडतो. पंचशिऱ्या दोन दिवसांत काढला जातो आणि पुढच्या सारवणात जातो. ज्याने मागे काही ठेवायचंच नाही, त्याच्याकडे मागे काय ठेवलंस म्हणून विचारणा करायची, हा न्याय नव्हे. त्याच्यापुरता पुरावा एकच धरावा लागेल: त्याच्यावाचून काही अडतं का? माझ्या डोळ्यांदेखत अडलं होतं.

छापील आधार अगदीच नाही असंही नाही. यशोधरा दालमिया यांचं 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' १९८८ सालचं. त्यात हा देव आहे, आणि पालघटाच्या जोडीने आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही बायकांच्या हातची कला भिंतीवरून कागदावर आणली, ती जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन लाभलं. आज या पट्ट्यात कुंपणांवर, कपबशांवर, साड्यांच्या पदरांवर तारपा नाच फेर धरतो. पंचशिऱ्या मात्र त्या गर्दीत फारसा दिसत नाही. पदरावर त्याला काढून काय करणार? त्याला लग्न लागतं, धवलेरीचं गाणं लागतं. म्हणूनच मला भीती वाटते की 'वारली' म्हटल्यावर वाचकाला फेर तेवढा आठवेल आणि ज्याच्यावाचून लग्न लागत नाही तोच वगळला जाईल.

त्यामुळे मी मसुदा केला तो स्वतंत्र नोंदीचा. कुणी त्याला बिनमुंडक्याचा योद्धा मानतं, कुणी धान्याचा देव. कापल्या जागी पीक उगवतं, असं मला त्या चित्राकडे बघून वाटलं, पण ते माझं वाटणं, नोंदीत त्याला जागा नाही. घोडा असतो किंवा नसतो, हेही तसंच लिहिलं, एक रूप खरं ठरवून दुसरं पुसलं नाही. तो कोण काढतं, कशाने, कोणत्या भिंतीवर, आणि गाणं कोण म्हणतं, हे पहिल्याच परिच्छेदात घेतलं. सहकाऱ्यांची एक सूचना मान्य केली, नोंद अर्ध्या पानाची ठेवली. दुसरी मानली नाही. दोन ओळी 'वारली चित्रकला' मध्ये जातील, पण त्या एवढंच सांगतील की लग्नघरच्या भिंतीवर पालघटाच्या जोडीने जो काढतात, त्या देवासाठी 'पंचशिऱ्या' ही नोंद पाहावी.