मिठाची तहान

रत्नागिरीच्या आमच्या घरी वैशाखात खारातल्या कैऱ्यांची बरणी भरली जाई. आजी कैऱ्या आणि जाडे मीठ यांचे थर देई, वर दडपण ठेवी आणि फडक्याने तोंड घट्ट बांधी. पाण्याचा थेंबही आत जाऊ नये यावर तिचा कटाक्ष असे. तरीही काही दिवसांत कैऱ्या सुरकुतत आणि बरणीत पाणी दिसू लागे. ते आले कुठून, असे विचारले की आजी म्हणे, "अरे, मिठाला तहान लागते."

शाळेत या क्रियेला 'परासरण' म्हणतात असे कळले. व्याख्या पाठ केली, गुण मिळवले आणि विसरलो. पुढे साहित्य शिकवू लागल्यावर याच क्रियेसाठी मराठीत योजलेला दुसरा शब्द भेटला : 'तर्षण'. त्याच्या मुळाशी 'तृष्' धातू आहे, म्हणजे तहान. इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र 'ढकलणे'. एकाच घटनेत एका भाषेला रेटा दिसला, दुसरीला तृष्णा. आजीची बाजू अर्थातच दुसरी.

पण रूपकावर किती विसंबावे, हा प्रश्न आमच्या घरात एकदा पुस्तकाबाहेर उभा राहिला. एका पावसाळ्यात धाकट्या भावाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. डोळे खोल गेले, ओठ सुकले. शेजारच्या परिचारिकाबाईंनी उकळून गार केलेल्या पाण्यात मापाने मीठ आणि साखर घालून ते चमच्याचमच्याने पाजायला सांगितले. आजीने पेला अडवला. मीठ पाणी ओढून घेते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? सुकत चाललेल्या पोराला मीठ कसे द्यावे? बाई तिच्याशी वाद घालत बसल्या नाहीत; पेला घेऊन स्वतःच पाजू लागल्या. पहाटे भावाला लघवी झाली, तेव्हा आजी रडली.

आजीचा नियम चुकीचा नव्हता. पेशीचे पटल मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असते. प्राणवायू त्यातून सहज जातो, पाणी थोडेफार झिरपते. मिठाचे आयन आणि साखर यांना मात्र त्या थरातून जवळजवळ मज्जावच. पाण्यासाठी कित्येक पेशींत खास प्रथिनांच्या वाटा असतात. पीटर ॲग्री यांनी १९९२ साली असे एक प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत तयार करवले आणि त्या पेशी गोड्या पाण्यात फुगून फुटल्या. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा आहे. या वाटांनी पाणी दोन्ही दिशांना ये-जा करते. पण विरघळलेले पदार्थ जिकडे दाट, तिकडे एकूण ओघ वळतो.

बरणीत मीठ कैरीच्या बाहेर होते, म्हणून पाणी बाहेर आले. आतड्यात निराळे घडते. तिथल्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्रच आत नेणारे एक वाहक प्रथिन असते. साखरेतून सुटलेल्या ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आत जाते आणि पाणी त्याच्या मागोमाग. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मिश्रणावर भिस्त ठेवली आणि तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला.

म्हणजे तहान मिठालाच होती. आजीने फक्त मीठ कोणत्या बाजूला आहे ते पाहिले नव्हते. वर्गात रूपक शिकवताना आम्हांला तो अडवलेला पेला आठवतो. रूपक सुंदर आहे का, हे विद्यार्थी आपण होऊन सांगतात. ते बरणीतून उचलून दुसरीकडे ठेवले तर काय होईल, हे मात्र विचारावे लागते.

आजी गेली. बरणी आता भाऊ भरतो.